विष्णुदास भावे : बाहुल्या घडविणारे नाटककार

परीक्षा जवळ आली की शाळेत भेटायला येणाऱ्या पालकांच्या तोंडी एक तक्रार हटकून असते. मुलगा अभ्यासाला बसतो, पण त्याचे हात पुस्तकावर राहत नाहीत. रुमालाला गाठ मारून तो उंदीर करतो, बोटांवर शाईने डोळे-नाक काढतो आणि दोन बोटांचे भांडण लावून देतो. धाकटी भावंडे हसून घर डोक्यावर घेतात आणि अभ्यास तसाच राहतो. वडिलांना वाटते, पोरगा वाया चालला. आई म्हणते, लहान आहे, सुधारेल. अशा वेळी शिक्षकाने काय सांगावे?

शिक्षकाने विष्णुदास भावे यांचे चरित्र सांगावे, असे मला वाटते. मराठी नाटकाचे जनक म्हणून त्यांचे नाव शाळेच्या पुस्तकात येते. सांगली, १८४३, ‘सीतास्वयंवर’ एवढे तीन शब्द मुले पाठ करतात आणि एका गुणाचे उत्तर लिहून मोकळी होतात. परंतु ज्या हातांनी मराठी नाटक उभे केले, त्याच हातांनी लाकडाच्या कळसूत्री बाहुल्याही घडविल्या होत्या, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. हाताचा खेळ आणि मोठे काम यांचे नाते काय असते, ते या एका आयुष्यात स्पष्ट दिसते. म्हणून आपल्या विद्यार्थ्यांसाठी आणि पालकांसाठी ते येथे थोडक्यात सांगत आहे.

सांगली आणि तिचे राजे

सांगली हे गाव पश्चिम महाराष्ट्रात कृष्णा नदीच्या काठी आहे. पेशवाईच्या अखेरीस तेथे पटवर्धन घराण्याचे राज्य होते. १८०१ मध्ये चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेपासून वेगळे झाले आणि त्यांनी सांगलीला आपली राजधानी केली. पुढे पेशवाई बुडाली, इंग्रजी अंमल आला, परंतु संस्थान राहिले. लढाया संपल्या होत्या. राजाच्या पदरी माणसे होती, थोडाबहुत पैसा होता आणि गुणी माणसाची पारख करण्याची दृष्टी होती. सांगलीचे प्रसिद्ध गणपती मंदिर याच चिंतामणरावांच्या कारकिर्दीतले.

या संस्थानच्या चाकरीत असलेल्या भावे घराण्यात १८१९ च्या सुमारास विष्णू यांचा जन्म झाला. वडिलांचे नाव अमृतराव. विष्णुपंतांना कविता रचण्याची देणगी होती, गोष्ट रंगवून सांगण्याची हातोटी होती आणि हाताला कारागिरीचे वळण होते. आजच्या भाषेत सांगायचे तर यांपैकी एकाही विषयाची परीक्षा नव्हती, पदवी नव्हती आणि त्यावर नोकरीही मिळत नव्हती. तरुण मुलाने कविता कराव्यात आणि लाकूड कोरीत बसावे, यात पोट भरण्याचा मार्ग कोणाला दिसणार? तो राजाला दिसला, हे विष्णुपंतांचे भाग्य.

कर्कीहून आलेली मंडळी

१८४२ मध्ये सांगलीला कानडी मुलखातून भागवत मंडळींचा एक मेळा आला. हे लोक उत्तर कानडा जिल्ह्यातील कर्की या गावचे. ते यक्षगानाच्या पद्धतीचे खेळ करीत. कथा पुराणातली, गाणारा भागवत बाजूला उभा, आणि रंगविलेल्या चेहऱ्यांची पात्रे नाचत, उड्या मारीत प्रसंग उभा करीत. चिंतामणरावांनी तो खेळ पाहिला. त्यांना त्यात गंमत वाटली, पण तो ओबडधोबडही वाटला. असाच खेळ मराठीत, अधिक नीटनेटका करून दाखविता येईल का, असा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांनी हे काम विष्णुपंतांवर सोपविले. त्या वेळी विष्णुपंतांचे वय अवघे तेवीस-चोवीस वर्षांचे होते.

ही जबाबदारी केवढी अवघड होती, याची कल्पना आज येणे कठीण आहे. आज नागपुरात वसंतराव देशपांडे सभागृहात नाटक लागले की आपण तिकीट काढून जातो. पडदा वर जातो, दिवे लागतात, पात्रे बोलू लागतात. या सर्वांची आपल्याला सवय आहे. विष्णुपंतांच्या पुढे यातले काहीही तयार नव्हते. लोकांना तमाशा, लळित, दशावतार, कीर्तन ठाऊक होते. पण रंगमंचावर शिस्तीने एक कथा सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखविणारे मराठी नाटक कोणी पाहिलेले नव्हते. नट नव्हते, संहिता नव्हती, शिकविणारा कोणी नव्हता. स्त्रियांची कामे तरुण मुलांनाच करावी लागणार होती. आणि नाटक्या म्हटला की तो मुलगा वाया गेला, अशी लोकांची समजूत होती.

विष्णुपंतांनी जे हाताशी होते ते घेतले. रामायणातील सीतास्वयंवराची कथा निवडली, कारण ती सर्वांना ठाऊक होती. त्यावर पदे रचली. तरुण मुले जमवून त्यांना उभे कसे राहायचे, चालायचे कसे, हातवारे कसे करायचे हे शिकविले. खर्चाचा भार संस्थानाने उचलला. १८४३ मध्ये सांगलीच्या दरबारात ‘सीतास्वयंवर’ सादर झाले. मराठी रंगभूमीचा जन्मदिवस म्हणून पाच नोव्हेंबर हा दिवस आजही ‘मराठी रंगभूमी दिन’ म्हणून पाळला जातो, तो या खेळाच्या स्मरणार्थ.

नाटक चालायचे कसे

विष्णुदासांच्या नाटकाची रीत समजून घेतली तरच बाहुल्यांशी असलेले नाते कळेल. खेळाच्या आरंभी सूत्रधार येई. पाठीमागे झांज-मृदंगाची साथ असे. मंगलाचरण होई. मग विदूषक येऊन सूत्रधाराशी थट्टामस्करी करी. त्यानंतर गणपती आणि सरस्वती यांचा प्रवेश होई आणि मग मुख्य कथा सुरू होई.

कथेतील सारी पदे सूत्रधारच म्हणत असे. पद चालू असताना पात्रे त्याच्या अर्थाप्रमाणे हावभाव करीत. पद संपले की त्याच अर्थाचे चार शब्द पात्रे आपल्या मनाने बोलत. ही भाषणे लिहिलेली नसत. राक्षस आला की तो तलवार परजीत, आरडाओरडा करीत रंगमंच दणाणून सोडी. त्या आरोळ्यांवरूनच पुढच्या पिढीने या नाटकांना ‘अललडुर्र’ नाटके असे थट्टेचे नाव ठेवले.

थट्टा सोडून देऊ. महत्त्वाची गोष्ट अशी की, या नाटकात कथेचे सारे धागे एका माणसाच्या हाती होते. सूत्रधाराने पद उचलले की पात्र हले, पद थांबले की पात्र थांबे. सूत्रधार या शब्दाचा अर्थच मुळी सूत्र म्हणजे दोरा धरणारा असा आहे. या शब्दावरून आणि इतर पुराव्यांवरून रिशार्ड पिशेल नावाच्या जर्मन पंडिताने १९०० मध्ये असे मत मांडले की, भारतीय नाटकाचे मूळ बाहुल्यांच्या खेळात असावे. सर्व विद्वानांना हे मत मान्य नाही. पण विष्णुदासांचे नाटक पाहणाऱ्याला ते मत पटले असते, यात शंका नाही. आणि विष्णुदासांना तर दोन्ही कला अवगत होत्या.

लाकूड, सांधा आणि दोरा

विष्णुदासांनी बाहुल्या घडविल्या त्या लाकडाच्या आणि कळसूत्री, म्हणजे वरून दोऱ्यांनी हलविण्याच्या. महाराष्ट्राला हा खेळ नवा नव्हता. तेराव्या शतकातील ‘ज्ञानेश्वरी’त दोरीने हलविल्या जाणाऱ्या बाहुल्यांचा उल्लेख आला आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी गावचे ठाकर लोक पिढ्यान्‌पिढ्या कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या नाचवीत आले आहेत. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. राजस्थानातील कठपुतळी तर आपण जत्रेत पाहतोच. तुर्कस्तानात ‘कारागोज’ नावाचा छायाबाहुल्यांचा खेळ आहे. रंगीत, पारदर्शक चामड्याची ती चित्रे सांध्यांत हलती असतात, आणि रमजानच्या रात्री तो खेळ पाहण्याची तिकडे जुनी प्रथा होती. अशी ही जगभर पसरलेली विद्या आहे.

कळसूत्री बाहुली घडविणे हे मूर्ती घडविण्याहून वेगळे काम आहे. मूर्ती सुंदर दिसली की पुरे. बाहुलीला सुंदर दिसून चालायचे असते, वाकायचे असते, मान वळवून पाहायचे असते. आपल्या नागपूरचेच उदाहरण घेऊ. तान्ह्या पोळ्याला मुले चाकांवरचा लाकडी बैल दोरीने ओढीत नेतात. सुताराने बैल कितीही सुबक केला तरी तो फक्त पुढे जातो. तो मान हलवीत नाही. त्याने मान हलवावी असे वाटत असेल तर मानेपाशी लाकूड कापून तेथे सांधा ठेवावा लागेल. सांधा घट्ट झाला तर मान हलणार नाही. फार सैल झाला तर मान लोंबत राहील. किती मोकळीक ठेवायची, हाच या विद्येचा कस.

मनुष्याकृती बाहुलीत असे सांधे पुष्कळ असतात. मान, खांदे, कोपर, मनगट, कंबर, गुडघे. यांतल्या प्रत्येक ठिकाणी कारागिराला आपल्याच शरीराकडे पाहून विचार करावा लागतो. कोपर एकाच बाजूला वाकते, खांदा सगळीकडे फिरतो. म्हणून कोपराचा सांधा बिजागरीसारखा हवा आणि खांद्याला नुसता दोरा किंवा चामड्याची पट्टी पुरते. हात हलका हवा, नाहीतर उचलताना अंगच डोलते. पाय जड हवेत, नाहीतर बाहुली हवेत तरंगल्यासारखी दिसते. डोक्याचे दोरे सगळ्या अंगाचा भार घेतात, म्हणून ते मजबूत हवेत. मनगटाचे दोरे बारीक असले तरी चालतात. दोऱ्याची लांबी बोटभर चुकली तरी नमस्कार करायला सांगितलेली बाहुली कपाळावर हात मारून घेते! मग दोरा सोडायचा, पुन्हा बांधायचा, पुन्हा पाहायचे. हे काम घाईने होत नाही आणि चिडून तर मुळीच होत नाही.

आपल्या विज्ञानाच्या पुस्तकात तरफ, टेकू, गुरुत्वमध्य असे शब्द येतात. मुले ते पाठ करतात आणि विसरतात. बाहुली करणाऱ्याला ते शब्द माहीत नसले तरी त्यामागची गोष्ट बोटांना माहीत होते. विष्णुदास कोणत्याही इंग्रजी शाळेत यंत्रशास्त्र शिकले नव्हते. लाकडातले हे ज्ञान त्यांनी हाताने मिळविले होते.

आणि हीच दृष्टी माणसांच्या नाटकातही उपयोगी पडली असली पाहिजे. ज्याने लाकडाच्या राजाला सिंहासनावर बसवून पाहिले आहे, त्याला जिवंत मुलाला राजासारखे बसायला शिकविणे अवघड वाटणार नाही. कोणता हात कधी उचलायचा, कोणी कोणाला झाकायचे नाही, कोण थांबला असताना कोणी हलायचे, हे सारे हिशेब दोन्ही खेळांत सारखेच असतात.

आश्रय गेला, विद्या राहिली

राजाचा आश्रय फार काळ टिकला नाही. १८५१ मध्ये चिंतामणरावांचे निधन झाले. गादीचे वारस धुंडिराज तात्यासाहेब तेव्हा अवघे तेरा वर्षांचे होते. राज्यकारभार इतरांच्या हाती गेला आणि नाटकमंडळींना मिळणारा आधार तुटला. आठ वर्षे राजाच्या शब्दावर ज्यांनी हे काम केले, त्यांच्यापुढे आता पोटाचा प्रश्न उभा राहिला. मंडळींचे काय करायचे? नटांना घरी पाठवायचे की दारोदार जायचे?

विष्णुदासांनी मंडळी मोडली नाही. ते सांगलीबाहेर पडले. गावोगाव बैलगाडीने जायचे, खेळ करायचा आणि जे मिळेल त्यावर सर्वांना पोसायचे, असा हा धंदा होता. राजवाड्यातून निघालेले नाटक लोकांत आले ते असे, अडचणीपोटी. राजा जगता तर कदाचित ते सांगलीच्या दरबारातच राहिले असते.

१८५३ मध्ये मंडळी मुंबईला पोहोचली. तेथे ग्रँट रोडवर नाटकगृह होते. त्याची जागा नाना शंकरशेट यांनी दिलेली होती. आधी तेथे मुख्यतः इंग्रजी नाटके होत. त्या नाटकगृहात तिकीट लावून मराठी नाटक झाले आणि मुंबईकरांनी ते पाहायला गर्दी केली. मराठी माणसाने पैसे मोजून मराठी नाटक पाहण्याची चाल येथून पडली.

मुंबईचा प्रेक्षक एका भाषेचा नव्हता. मराठी, गुजराती, पारशी, मुसलमान असे सर्व प्रकारचे लोक तेथे होते. विष्णुदासांनी त्यांच्याकडेही पाहिले आणि राजा गोपीचंदाचे आख्यान हिंदुस्थानी भाषेत बसवून मुंबईत केले. मराठी नाटककाराने त्या काळी हे धाडस करावे, ही कौतुकाची बाब आहे. त्याच दशकात उत्तरेत लखनौला आगा हसन अमानत यांची ‘इंदरसभा’ गाजत होती. देशाच्या दोन टोकांना, एकमेकांची ओळख नसताना, गाण्यांतून गोष्ट सांगणारे नाटक एकाच सुमारास लोकांपुढे येत होते. आपल्या घरांत उर्दू बोलली जाते आणि मुले मराठीत शिकतात. त्या मुलांना हे दोन्ही वारसे आपलेच आहेत, हे ध्यानात राहावे म्हणून हा उल्लेख केला.

पुढे पुष्कळ नाटकमंडळ्या निघाल्या. सांगलीचे पाहून इतर गावांनी तसेच खेळ सुरू केले. विष्णुदासांनी स्वतः रामायण-महाभारतातील कथांवर सुमारे पन्नास आख्याने रचली. १८६२ च्या सुमारास त्यांनी नाटकाच्या धंद्यातून अंग काढून घेतले. १८८५ मध्ये त्यांच्या पदांचा ‘नाट्यकवितासंग्रह’ प्रसिद्ध झाला.

काळ मात्र थांबला नव्हता. १८६१ मध्ये विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ हे लिहिलेल्या संवादांचे नाटक आले. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी ‘शाकुंतल’ रंगमंचावर आणले आणि त्यात पात्रे स्वतः गाऊ लागली. जे पद पूर्वी सूत्रधार म्हणे ते आता शकुंतला म्हणू लागली. विष्णुदासांची पद्धत जुनी झाली. लोक तिला हसू लागले. असे होतेच. पहिला रस्ता ज्याने काढला त्याच्या रस्त्यावर खाचखळगे असतात, मागून येणारे तो सपाट करतात आणि मग पहिल्याच्या चालीला नावे ठेवतात.

ऑगस्ट १९०१ मध्ये विष्णुदासांचा अंत झाला. वयाची ऐंशी वर्षे उलटून गेली होती. दरबारात नाटक करणारा तरुण, आश्रय तुटलेला मंडळीचा मालक आणि आपलीच पद्धत कालबाह्य होताना पाहणारा वृद्ध, अशा तिन्ही अवस्था त्यांनी पाहिल्या.

मागे काय राहिले

सांगलीने आपल्या या पुत्राला विसरू दिले नाही. तेथे त्यांच्या नावाचे नाट्यमंदिर आहे. रंगभूमी दिनाला नामवंत नाट्यकलावंताला विष्णुदास भावे गौरवपदक दिले जाते. मराठी रंगभूमीवर या पदकाचा मान मोठा समजला जातो. नवी मुंबईत वाशी येथील नाट्यगृहालाही त्यांचेच नाव आहे. २०१९ मध्ये नव्याण्णवावे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन आपल्या नागपुरात भरले. नाटककार प्रेमानंद गज्वी अध्यक्ष होते. त्या मांडवात जमलेला प्रत्येक कलावंत एका अर्थाने सांगलीच्या त्या खेळाचा वारस होता.

बाहुल्यांचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. त्या नष्ट झाल्या नाहीत. ‘अर्धवटराव’ या बोलक्या बाहुल्याचा खेळ आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. तो खेळ करणारे शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी विष्णुदासांच्या त्या जुन्या बाहुल्या दुरुस्त केल्या आणि त्यांच्यावर ‘सीतास्वयंवर’चा प्रयोग पुन्हा करून दाखविला. दीडशे वर्षांपूर्वीचे लाकूड पुन्हा हलले. पदे थट्टेचा विषय झाली, पद्धत मागे पडली, राजा गेला, राज्यही गेले. हाताने नीट केलेला सांधा मात्र उपयोगी राहिला, दोरा तेवढा नवा घालावा लागला.

मुलांसाठी दोन शब्द

विद्यार्थी मित्रांनो, लाकूड कोरण्याची हत्यारे तुमच्याजवळ नसतील, आणि वडील माणसाशिवाय ती हाताळूही नयेत. पण बोटात घालण्याची लवचीक बाहुली घरच्या टाकाऊ वस्तूंतून होते. त्यासाठी बाजारात जाण्याची गरज नाही.

जुन्या हातमोज्याचे एक बोट कापून घ्या. हातमोजा नसेल तर मऊ कापडाची बोटभर पिशवी शिवा. ती बोटावर सरकली पाहिजे, पण गळून पडता कामा नये. डोक्यासाठी रद्दी कागदाचा बोळा करून त्यावर खळीने कागदाचे कपटे चिकटवा. एक थर वाळला की दुसरा लावा. डोके बोटावर बसेल इतके भोक खालून ठेवा आणि ते पिशवीच्या टोकाला शिवून टाका. डोके हलके असू द्या, नाहीतर बाहुली सतत मान खाली घालून उभी राहील. हातपायांसाठी सायकलच्या फुटक्या ट्यूबच्या अरुंद पट्ट्या कापा. रबर वाकते आणि सोडले की सरळ होते, त्यामुळे बोट हलविताच बाहुलीचे हात आपोआप डुलतात. नाक-डोळे फार बारीक काढू नका. मागे बसलेल्या मुलालाही ते दिसले पाहिजेत.

अशा चार-पाच बाहुल्या झाल्या की टेबलावर चादर टाका आणि मागे बसून गोष्ट करा. शेखचिल्ली घ्या, बिरबल घ्या, मुल्ला नसरुद्दीन घ्या. वर्गातल्या विज्ञानाच्या धड्यातील कोळी आणि माशी घेतली तरी चालेल. एकाने पद किंवा कथन म्हणावे, बाकीच्यांनी बोटे हलवावीत. म्हणजे सूत्रधाराचे काम काय असते, ते पुस्तकाशिवाय कळेल. जो मुलगा वर्गात उभा राहून चार वाक्ये बोलायला घाबरतो, तोच मुलगा चादरीमागून बाहुलीच्या तोंडून मोकळेपणाने बोलतो, हा पुष्कळ शिक्षकांचा अनुभव आहे. पहिल्या वेळी बाहुली वेडीवाकडी होईल. होऊ द्या. ती का लोंबते, का वळत नाही, याचा विचार करून दुसरी करा.

पालकांना एक विनंती

पालक बंधू-भगिनींनो, अभ्यास महत्त्वाचा आहे, याबद्दल वाद नाही. आपल्या समाजातील मुलांना शिकून पुढे जायचे आहे आणि त्यासाठी परीक्षा पास व्हावीच लागेल. अभ्यासाची वेळ अभ्यासालाच दिली पाहिजे. पण अभ्यास झाल्यावर मूल कापडाचे तुकडे घेऊन बसले तर ते तुकडे फेकून देऊ नका. त्याच्याजवळ पाच मिनिटे बसा आणि ही बाहुली कशी हलते, एवढेच विचारा. ते जे उत्तर देईल त्यात त्याचे निरीक्षण असेल, हिशेब असेल आणि आपण काही केले याचा आनंद असेल. घरात सुतार, शिंपी किंवा जिल्दसाज असेल तर मुलाला त्यांच्याजवळ बसू द्या. त्यांच्या हातातले ज्ञान कोणत्याही क्रमिक पुस्तकात लिहिलेले नाही.

प्रत्येक मूल विष्णुदास होणार नाही, आणि व्हायची गरजही नाही. पण विष्णुदासांना एक राजा भेटला, ज्याने त्यांच्या हातातली कला ओळखली आणि तिला काम दिले. आपल्या मुलांना राजे भेटणार नाहीत. त्यांच्यासाठी ते काम घरात आई-वडिलांनी आणि शाळेत शिक्षकांनी करावयाचे आहे. उद्या संध्याकाळी मुलाने बोटावर बाहुली चढवून आपल्यासमोर खेळ मांडला, तर वर्तमानपत्र बाजूला ठेवून तो शेवटपर्यंत पाहावा, एवढीच विनंती.